मंडळाच्या कम्प्युटरची खंडेनवमी

...अहो, पूजा करा, हळदकुंकू लावा, झेंडूचा हार घाला, पर मशीन चालू असताना बटन बंद करू नका म्हणलं होतं! ऐकलं का? न्हाई. आमच्या लातूरच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष शिवप्पाकाका, खंडेनवमीला मला म्हणतात कसे, "श्रीशैल, आज हत्याराला आराम द्यायचा असतो बाबा." आन् कम्प्युटर आत नावं क्रमानं लावत होता तेवढ्यात भिंतीवरचं बटन... खट्!

तुम्हाला सांगतो, घात झाला. डेटाबेस, म्हंजे समद्या नावांची कम्प्युटरमधली वही, जुनाट, त्याची इंडेक्स फाइल अर्धवट राहिली. इंडेक्स म्हंजे काय? औशाच्या एसटी स्टँडवरचा चौकशीवाला बगा. गाडी तो चालवत न्हाई, पर कोणती गाडी कुठं लागली ते त्यालाच ठावं. तोच खुळा झाल्यावर?

त्यात दसऱ्यानंतर मेळावा! हॉल पोरांच्या आईबापांनी खच्चून भरलेला, पडद्यावर मुलींची यादी, आन् काय सांगू, नावंच नावं, सरता सरंनात! काका माईकवर, "कोण म्हणतं समाजात मुली न्हाईत?" टाळ्या. मला मात्र भ्या वाटायलं. एवढ्या आल्या कुठून? माझी आई पयल्या रांगेत. माझं वय? ते सोडा. तिनं उदगीरची मंजुश्री पसंत केली, लगीच मला फोन लावाय लावला. पलीकडं लेकरू रडायलं होतं, मग गडीमाणूस बोलला, "मंजुश्री सयपाक करायलीय. आपण कोण?"

कोण म्हणून सांगू?

तवा उजेड पडला. लग्न ठरलं की आम्ही मुलीचं नाव काढतो. काढतो म्हंजे पुसत न्हाई, नुसती खूण करतो, आन् इंडेक्स तिला आत दडवून ठेवती. तीच फुटली, आन् इतक्या वर्षांत सासरी गेलेल्या समद्या मुली परत आल्या की हो! इकडं हॉलमधी जो तो खिशातून फोन काढाय लागला. म्हणलं, आता मार बसणार. बटन बंद करू नका म्हणलं होतं!

बिघडलेली फाइल उडवली, नवी बांधाय लावली, यादी परत उघडली.

मंजुश्री गेली... तिच्या वरची गेली, खालची बी गेली... पडद्यावर एकच नाव उरलं. हिमायतनगरची महादेवी, अट, मुलगा पुण्यात पायजे. आन् पोरांची यादी? ती वरून खाली पळतच राहिली, थांबायचं नाव न्हाई. आई माझ्याकडं बगंना.

काका स्टेजवरून उतरले. त्यांचा पोरगा संगमेश बी त्याच पोरांच्या यादीत. जवळ येऊन हळूच म्हणाले, "बिघडलेलंच बरं होतं की रे."

आन् तुम्हाला सांगतो, मी म्हणलं, "काका, मशीन चालूच हाय, नावं लावायलंय." काका भिंतीपाशी गेले, बटनावर हात ठेवला, माझ्याकडं बगितलं...

ह्या खेपेला मी बंद करू नका म्हणलं न्हाई.