खंजीर न घडवता

"ताई, एवढ्या मोठ्या होऊन तुम्ही गेम खेळता?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून सुरतमधल्या पांडेसराच्या बसस्टॉपवर मी विचारलंच. मोबाईलवर तलवार घेऊन जंगलात फिरणारी ताई नुसती हसली. बोलला तिचा भाऊ.

"आमच्या धनूबेननं वर्षभर सोडला होता, आता परत सुरू केलाय. आणि अंगावर साधं चिलखत नाही!"

"घडवणारच नाही. दिवसभर साड्यांवर स्टोन चिकटवायचे आणि गेममध्येही बसून खंजीर ठोकायचे?"

"अगं, त्याशिवाय लोहारकामाची लेव्हल वाढत नाही, चिलखत घडवता येत नाही. ड्रॅगन जाळेल तुला."

"पळेन. मागच्या वेळी भट्टीपाशीच बसून राहिले, महेश. नदीपलीकडचं गाव पाहिलंच नाही."

"आणि मेलीस तर?"

"परत उठेन, गेम आहे तो!" मग ती माझ्याकडे वळली. "तू काय खेळतेस गं?"

"मी गायचे. गाण्याच्या परीक्षेसाठी तेच तेच घोटून कंटाळले, सोडून दिलं."

"आता गातच नाहीस?"

"बाथरूममध्ये गाते."

"मग सोडलंस कुठे?"

तेवढ्यात बस आली.

घरी चपला काढायच्या आधीच मी जाहीर केलं, "आई, पप्पा, सोमवारपासून मी गाण्याच्या क्लासला परत जाणार. परीक्षेला मात्र बसणार नाही!"