मालकीणबाईंची चौकशी

ड्रोहेडा या आयरिश गावातल्या गारठलेल्या बसथांब्यावर माझ्यामागे मायलेकी उभ्या होत्या.

“आई, दोन दिवस आरामाला म्हणून त्या बी अँड बीत गेलो आपण. पाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं बघायचं सोडून तू सारखी त्या मालकीणबाईंच्या मागे!”

“गोड बाई गं. नवरा गेल्यापासून एकट्याच राहतात, घरातल्या खोल्या नाश्त्यासकट भाड्याने देतात.”

“म्हणून चादरी कोण धुतं, अनोळखी माणसांची भीती वाटत नाही का, काहीही विचारायचं?”

“त्या म्हणाल्या, भीती रिकाम्या घराची वाटायची.”

“बरं, ऐक ना. नागपूरचं घर आता विकून टाकू. बाबांनंतर तू तिथे एकटी कशी राहणार?”

“आपल्या वरच्या दोन खोल्यांना गीझर बसवायला सांगितलंय मी सकाळीच फोनवर. नाश्त्याला पोहे देईन.”