राजाची सनद आणि चराईचा हक्क

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आमच्या घरामागचं मैदान पार्किंगसाठी जाणार होतं, तेव्हाची गंमत ऐका. मी मध्ययुगीन राजाच्या दफ्तरातली सनद शोधून काढली: इथे जनावरं चारायचा रहिवाशांना कायमचा हक्क. ती नगर कौन्सिलच्या भर मीटिंगमध्ये वाचून दाखवली.

कौन्सिलच्या वकीलबाई म्हणाल्या, “सनद खरी आहे. पण आज जनावरं आहेत कुणाकडे?”

शेवटी शेजारच्या सुलभाकाकू उठल्या. “माझं कासव चालेल?”

बाईंनी सनद पुन्हा वाचली. “कासवाला मनाई दिसत नाही.”

मैदान वाचलं. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, “माझे गुडघे दुखतात रे. सनद तू आणलीस, चारायलाही तूच ने.”

आता रोज ऑफिसआधी मी कासव चारतो. काल नुसतं “आटप” म्हणालो, तर ते कवचात शिरून बसलं. आमच्या आंदोलनातलं पहिलं धरणं, तेही माझ्याच विरोधात.