ओला दस्ता

हात लावू नकोस, डॅरिल. ओला आहे अजून — नाही, खेळवत नाही मी तुला. सोमवारी बंदूक टाकून गेलास आणि आज गुरुवारी दारात उभा, रंग म्हणजे काय कॉफी आहे, ओतली की प्यायला मोकळा? बंदुकीचा दस्ता प्लास्टिकचा हा. लाकूड रंग पितं, प्लास्टिक थुंकतं. आधी साबणानं धुवायचा, मग पॉलिशपेपरनं खरवडायचा, मग वाळक्या गवताचा रंग, त्यावर आपल्या दलदलीतली नेच्याची पानं दाबून धरायची आणि वरून काळपट हिरवा फवारायचा. पान उचललं की जंगल उरतं. कुणी शिकवलं? कुणी नाही. माझा नवरा निएमी गेला, त्याचा रंग फवारायचा कंप्रेसर मागं राहिला, हात माझे होतेच.

घाई करणाऱ्याची गत काय होते — तुझ्याच चुलत्याला विचार, एर्नीला. थंड गॅरेजात फवारलं, दुसऱ्या दिवशी हरणावर नेम धरला नि दाढी दस्त्याला चिकटली. हरीण थांबून बघत होतं म्हणे. हस की. नाही हसायचं? बरं.

तशीच दे म्हणतोस, अर्धीमुर्धी? हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायला आठवडा आहे अजून, आज कशाला हवी तुला? कोल्हा आलाय? कोंबड्या कधी पाळल्यास तू, की कोल्हा यावा?

मार्नी? मला काय विचारतोस, बायको तुझी. मंगळवारी रात्री निघून गेली तर गेली असेल बहिणीकडे, डुलूथला. मी नाही पाहिली. पाहिली असती तरी तुला सांगितलं नसतं, तेही ऐकून ठेव. बाई घरातल्या चपलांवर बर्फात का निघते, हे तिला नाही विचारायचं, ज्याच्या घरातून निघाली त्याला विचारायचं. एवढीशी बाई, कप ठेवला तरी दचकते, मांस-बटाट्याची पास्टी पुढ्यात ठेवली तर नुसती कड कुरतडते, आणि डावीकडून हाक मारली तर ऐकूच येत नाही तिला, सारखी मान वळवून —

काय?

— कान असेल की तसा पूर्वीपासूनच. चर्चमध्ये दिसलं असेल मला. पूर्वी नव्हतं? तुला बरं पक्कं ठाऊक, कधीपासून ते.

बस खाली. तुझी नळी इथं आहे, दस्ता तिथं, आणि खटका कुठं ठेवलाय ते मला एकटीला माहीत, शोधत बसलास तर वसंत येईल. ट्रकमध्ये दुसरी आहे? असू दे. ट्रक लांब आहे.

ते दार नाही, डॅरिल. तिकडे माझी झोपायची खोली. बाहेर जायचं या बाजूला.

आणि ही बघ, ही माझी. अख्ख्या गावाच्या बंदुका मी पानाफुलांत लपवल्या, हिला कधी रंग लावला नाही. ही समोरच्याला दिसायला हवी.

दिसली? मग नीघ.