लाल बदाम

—नाही नाही, आधी दार लाव. हां. आणि बस, अशी पाहुणीसारखी उभी राहू नकोस. मॅडम काय, ताई म्हण, आज तरी ताईच म्हण. हे बघ, वकीलसाहेब खाली बसलेत, ते तुला एकच विचारतील — त्या दिवशी फोन कोणाच्या हातात होता? तू म्हणायचंस, माझ्या. संपलं. ताई जेवायला गेल्या होत्या, त्यांचा फोन टेबलावर उघडा होता, सहज चाळला, चुकून एका फोटोवर अंगठा लागला, आणि घाबरून मी ताईंना काही बोलले नाही. म्हणजे नोकरीसाठी आलेल्या त्या बाईला नाकारताना मला, तुझ्या ताईला, काही ठाऊकच नव्हतं — कळलं? आणि तुला कोण काय करणार? नवीन माणसाला सगळं माफ असतं.

एवढं काय त्यात? मलाही असंच वाटायचं. हिशेबाच्या जागेसाठी आलेली ती बाई — चांगली होती गं, साहेबांना हसवलं तिने मुलाखतीत, आपले साहेब हसतात हे मला त्या दिवशी कळलं. मग आपली नेहमीची पद्धत — माणूस नक्की करण्याआधी मी माझ्या स्वतःच्या सोशल मीडियाच्या खात्यावरून त्याचं सगळं चाळून घेते, कुठे फिरतो, कोणाला शिव्या घालतो. कंपनीच्या खात्यावरून बघितलं तर मागे खूण राहते ना! केवढी हुशारी, नाही? तर चाळता चाळता पार मागे गेले, काही वर्षं मागे, आणि दवाखान्यातला फोटो. डोक्यावर एक केस नाही. हाताला सलाइन. त्यावर माझा अंगठा लागला, आवडल्याचा लाल बदाम उमटला. लगेच काढला मी — पण तिच्या फोनवर पोचायचा तो पोचला, माझ्या नावानिशी. आणि दुसऱ्या दिवशी आपण कळवलं, आपली निवड होऊ शकली नाही. आता ती म्हणते, आजार बघून नाकारलं. वकीलसाहेब म्हणतात, जे मुलाखतीत तोंडाने विचारायची सोय नाही, ते चोरून बघितलं तरी तुम्ही अडकलातच — आणि एकदा बघितलं की बघितलं नव्हतं असं कोर्टाला पटवणं महाकठीण.

आजार बघूनच नाकारलं का? मी फोटोचं सांगितलं तर साहेब एवढंच म्हणाले, पुन्हा पडली आजारी तर?

अशी काय बघतेस? लगेच नाही म्हणू नकोस. तुला अजून कायम व्हायचंय. आणि हो, अभिनंदन बरं का! — कोणी म्हणजे, तुझ्या नणंदेनंच फोटो टाकलाय की, लवकरच आत्या होणार म्हणून, तुझ्या खांद्यावर हात टाकून. तुझं खातं कुलूपबंद असलं म्हणून काय झालं, सासरची मंडळी मोकळी आहेत ना. साहेबांना नाही बोलले मी. अजून. छे गं, धमकी कसली, ताई म्हणून सांगतेय.

काय? चुकून म्हणजे चुकूनच. अंगठा लागला. असं काय विचारतेस — जरा वेळ बघत होते, एवढंच. तसल्या अवस्थेत इतकं कोण हसतं गं? माझी धाकटी बहीण तसल्याच कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडायची, एक फोटो काढू दिला नाही तिने कोणाला. शेवटचा म्हणून एक फोटो नाही आमच्याकडे. आणि ही हसतेय. मला वाटलं, शाबास गं बाई. वाटलं आणि — लागला काय, दाबला काय, काय फरक पडतो? दुपारी तो बदाम, आणि संध्याकाळी साहेबांनी ‘मग नकोच ना?’ विचारल्यावर मान हलवली ती मीच.

—अजून बसलीयेस का? रडत नाहीये मी, एसीची हवा झोंबते डोळ्यांना. हे तू ऐकलं नाहीस, समजलं? ऊठ. वकीलसाहेब खोळंबलेत, काय सांगायचं ते सांग जा. आणि नणंदेला म्हणावं, तो फोटो काढून टाक—

नको, राहू दे. मी बघितलाय आता. जा. दार ओढून घे.