बघू म्हणजे हो का?

परब वहिनी, कमिटीतले सगळे, मागच्या चाळीतून आलेली मंडळी, आणि मुलांनो, बसा. खुर्च्या कमी पडल्यात, सतरंजीवर सरकून घ्या. मी देवधर, या सोसायटीचा सेक्रेटरी. जनरल बॉडीत मी तासभर बोलतो, तुम्ही जांभया देता, हे सगळ्यांना माहीत आहे. आज कुठून सुरू करू तेच समजत नाहीये. कागद लिहून आणला होता. तो वाचत नाही, कारण त्यात मी 'हसतमुख व्यक्तिमत्त्व' असं लिहिलंय, आणि मास्तर काही हसतमुख नव्हते. ताल चुकला की कसे बघायचे, ते या मुलांना विचारा.

परब मास्तर गुरुवारी सकाळी गेले. दूध घेऊन वर येत होते, जिन्यातच बसले. जन्मभर मरोळच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम केलं, आणि रिटायर झाल्यापासून दर रविवारी दहा वाजता आपल्या पार्किंगमध्ये पखवाज शिकवायचे. फुकट. बिल्डिंगमधली मुलं, चाळीतली मुलं, जो येईल तो. मग गाड्या वाढल्या. मुलांना बसायला जागा राहिली नाही. म्हणून मास्तरांनी हॉल मागितला. हाच हॉल, ज्यात आपण आत्ता बसलोय. रीतसर अर्ज केला. तो माझ्या हातात दिला. आणि मी म्हणालो, बघू.

आता सोसायटीत बघू म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? बघू म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून बघू. गच्चीवर झाडं लावू का? बघू. गेट रंगवायचं का? बघू. माझा निम्मा कारभार त्या एका शब्दावर चाललाय.

मास्तर लिफ्टमध्ये भेटायचे. "सेक्रेटरीनू, हॉलचा काय झाला?" बघू, मास्तर. भाजी घेताना भेटायचे. "सेक्रेटरीनू, हॉलचा?" बघू ना. बुधवारी संध्याकाळी गेटवर त्यांनी मला थांबवलं आणि सरळ विचारलं, "बघू म्हणजे हो मां?"

मी हसलो.

हसलो म्हणजे काय म्हणालो मी? गुरुवारपासून हाच विचार करतोय. हो म्हणालो? नाही म्हणालो? मला स्वतःलाच माहीत नाही. आणि मास्तरांना तरी खरंच कळलं नव्हतं का? चाळीस वर्षं मुंबईत काढलेल्या माणसाला बघू कळत नाही? की कळून सवरून मला पकडत होते? वहिनी, तुम्हाला काही बोलले होते का ते? नाही. राहू दे.

अर्ज मी कमिटीपुढे ठेवलाच नाही. आज सांगतो, सगळ्यांसमोर सांगतो. ड्रॉवरमध्ये पडून आहे. कमिटीतले लोक आत्ता माझ्याकडे बघतायत, बरोबर आहे त्यांचं. का नाही ठेवला? मला वाटलं, आवाजाच्या तक्रारी येतील. मला वाटलं, बाहेरची मुलं हॉलमध्ये कशाला, असं कोणीतरी म्हणेल. कोण म्हणणार होतं? शोधतोय, नाव सापडत नाहीये. लेखी तक्रार एकही नाही. म्हणजे माझ्या मनातच होतं का ते? मला खरंच कळत नाही.

आणि माझ्याच घरात काय चालू होतं बघा. पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक लावावी लागते, तरच तो घुमतो. वाजवून झालं की खरवडून काढायची, पुढच्या वेळी नवी. ती कणीक दर रविवारी आमच्याकडून जायची. सुनंदा, म्हणजे आमच्या सौ., चपात्यांच्या आधी एक गोळा बाजूला काढायच्या. मी समोर चहा पीत बसलेलो असायचो. एकदाही विचारलं नाही, हा गोळा कुठे चाललाय. माझ्या घरातून कणीक जात होती आणि हॉलची किल्ली जात नव्हती.

परवा रविवारी दहा वाजता खाली गेलो, तर या हॉलच्या दाराशी अकरा मुलं. कुलपासमोर ओळीत बसलेली. मला वाटलं, मास्तर गेल्याचं यांना कोणी सांगितलं नाही की काय. प्रज्ञाला विचारलं. ही प्रज्ञा, चाळीतली, नववीत आहे, मास्तरांकडे सगळ्यात जुनी. ती म्हणाली, "माहितीये काका. पण मास्तर बुधवारी सांगून गेलेत, सेक्रेटरी हो म्हणाले, रविवारपासून हॉलमध्ये."

हो म्हणाले. मी.

मग तिने विचारलं, "उघडता ना?" किल्ली माझ्या खिशात होती. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? बघू. अहो, सवय. मुलं उठली आणि गेली. सुनंदाने तेव्हापासून माझ्याशी धड बोलणं टाकलंय.

आणि आज? आज हॉल उघडायला अर्ज लागला नाही. काल शोकसभेचं ठरलं, दोन मिनिटांत मी कुलूप काढलं, पंखे लावले. माणूस जिवंत असताना मागत होता तेव्हा बघू, आणि तो गेल्यावर लगेच. हे कसं झालं माझ्याकडून? वहिनी, मला लाज वाटते. याहून वेगळा शब्द मला सापडत नाही.

तर आता ऐका. किल्ली माझ्याकडे नाही. सकाळीच प्रज्ञाच्या आईच्या हातात दिली. कमिटीला विचारलेलं नाही, त्यांना आत्ताच कळतंय. आवाजाची तक्रार असेल तर लेखी द्या, माझ्या नावाने. मास्तर, दर रविवारी दहा वाजता. हो. हो म्हणजे हो. पुढे शिकवणार कोण? प्रज्ञाला येतं तेवढं ती लहानांना शिकवेल. त्यानंतरचं मला माहीत नाही. तिथे मात्र आपण सगळ्यांनी मिळून खरोखरच बघू.

मास्तरांचा पखवाज वहिनींनी आणलाय, फोटोशेजारी ठेवलाय. सुनंदाने आज गोळा आणलाय. नीट कणीक लावायला दोन मिनिटं लागतात, असं मास्तर म्हणायचे, प्रज्ञा सांगते. तेवढा वेळ आपण उभे राहू. कोणी बोलू नका.

प्रज्ञा, लाव.