थंडगार गल्ली

यंत्रावर डोळे झाकून भरवसा ठेवायचं मी एका मावशींमुळं सोडलं. आमच्या कंपनीनं धाराशिवच्या गल्ल्यांत घरांच्या भिंतींवर तापमान मोजणारे छोटे डबे बसवले होते. आकडे थेट माझ्या मोबाइलवर यायचे. जी गल्ली जास्त तापेल, तिथं नगरपालिका आधी झाडं लावणार होती.

मे महिन्यात सगळं शहर भाजत होतं आणि एकच गल्ली थंडगार दिसत होती. साहेब म्हणाले, "तिथं झाडांची गरज नाही."

मला पटेना. भर दुपारी तिथं गेलो तर चपलेतूनही पाय पोळत होते. डब्याला कुणीतरी ओलं पोतं गुंडाळलं होतं. ओट्यावर घरमालकीण पारूमावशी बसल्या होत्या.

"मावशी, हे पोतं कुणी बांधलं?"

"म्याच की. दिवसभर उन्हात हाय बिचारं. वाळलं की पानी मारते."

मी समजावलं, "मावशी, त्याला ऊन लागलं तरच तुमच्याकडं झाडं येतील."

मावशींनी डब्याकडं बघितलं. "म्हंजी आमच्यापायी सोसायचं व्हय त्यानं," असं म्हणत त्यांनी जड हातानं पोतं सोडलं.

दुसऱ्याच दिवशी ती गल्ली माझ्या मोबाइलवर लालभडक झाली. पावसाळ्यात कडुलिंबाची रोपं आली. पहिला खड्डा कुठं घ्यायचा, असं नगरपालिकेच्या माणसांनी मावशींना विचारलं. त्यांनी सरळ डब्याखालची जागा दाखवली.

"हितं लावा. लई ऊन खाल्लंय त्यानं, आता सावलीत बसू द्या."